पाळणाघराची बुडालेली फी

घरी पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना ‘कुणी फी न देता गेलं का कधी?’ असे विचारा. त्यांना आठवावे लागत नाही. मुलाचे नाव, त्याला कुठली भाजी आवडायची, दुपारी कुठली गोधडी घेतल्याशिवाय तो झोपायचा नाही, हे सगळे आधी सांगतात आणि मग रक्कम. ती बहुतेकदा दोन-चार हजारांचीच असते. शेवटही बहुतेकदा सारखाच असतो. शुक्रवारी मूल नेहमीसारखे घरी गेले, सोमवारी आले नाही, मंगळवारी फोन उचलला गेला नाही, आणि आठवड्याने कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून कळले की त्या लोकांनी खोली सोडली, सामानाचा टेम्पो रविवारीच गेला.

याची बातमी कुठे होत नाही. पोलीस ठाण्यात तक्रार नसते, कोर्टात दावा नसतो. पण अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचा दिवस या बायकांच्या भरवशावर सुरू होतो. म्हणून त्यांचे पैसे का बुडतात, बुडू नयेत म्हणून काय करता येते आणि बुडालेच तर कायदा कुठवर साथ देतो, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगते. दोष नुसता पळून जाणाऱ्या पालकांचा नाही. महिनाभर मूल सांभाळायचे आणि मग फी मागायची, या प्रथेतच हे बुडणे आहे. ही प्रथा मोडल्याशिवाय बाकी कुठल्याही उपायाचा फारसा उपयोग नाही.

अंबरनाथला घरगुती पाळणाघरे इतकी का, याचे उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. एके काळी इथले काम इथेच होते. विम्कोचा काडेपेटीचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी, नंतर एमआयडीसी. घरात सासू नाही तर शेजारीण असायची आणि कामाची जागा फार लांब नसायची. पुढे मुंबई-ठाण्यातली घरे हाताबाहेर गेली आणि माणसे कर्जत लाइनवर सरकत राहिली. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या अडीच लाखांच्या वर गेलेली होती. कुळगाव-बदलापूर तर २००१ मध्ये लाखाच्या आत होते, ते दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास पोहोचले. आलेल्यांत नवरा-बायको-मूल अशी घरे पुष्कळ. आजी-आजोबा साताऱ्याला, जळगावला नाहीतर कोकणात. अंबरनाथपासून सीएसएमटी साधारण साठ किलोमीटर, गाडीत दीड तासाच्या आसपास. साडेनऊला फोर्टात टेबलावर बसायचे तर मूल सातला पोहोचवावे लागते, आणि सहाला निघालेली बाई पुन्हा पाळणाघराच्या दारात उभी राहते ती पावणेआठ-आठला. म्हणजे तेरा तास.

सरकारी व्यवस्था या तेरा तासांसाठी बनलेली नाही. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्र महिन्याला २६ दिवस आणि रोज साडेसात तास चालावे अशी अपेक्षा होती. आता ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडले जाते. ते चांगले आहे, पण वेळेचा हिशेब तरीही जुळत नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. पण ही सोय कामाच्या ठिकाणी किंवा त्याच्या जवळ. दहा महिन्यांचे बाळ घेऊन सकाळी सव्वासातच्या लोकलच्या महिला डब्यात कोण चढणार? म्हणून बाळ गावातच राहते, कुणाच्या तरी दोन खोल्यांच्या घरात, आणि त्या घरातल्या बाईला ते काकू, मावशी किंवा आजी म्हणायला शिकते.

आता या काकूंचा हिशेब पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण गणित खरे आहे. समजा पाच मुले आहेत आणि प्रत्येकाची फी ४,००० रुपये. महिन्याचे २०,००० झाले. मदतीला येणाऱ्या बाईला ५,०००. दूध, खाऊ, फळे, गॅस यांचे ३,०००. वीज, साबण, फिनेल, फाटलेल्या चटया आणि मोडलेली खेळणी यांचे १,०००. हाती उरतात ११,०००. आता एक मूल २० तारखेनंतर आलेच नाही आणि त्या महिन्याची फीही आली नाही. मदतनीस बाईचा पगार कमी होत नाही, वीज कमी होत नाही, खाऊचे दोन-चारशे वाचतात. म्हणजे एक फी बुडाली की आलेल्या पैशांतला पाचवा वाटा गेला असे वाटते. प्रत्यक्षात हाती उरणाऱ्या पैशांतला साधारण तिसरा हिस्सा जातो. घरखर्च याच उरलेल्या पैशांतून चालतो.

आणि नुकसान तिथे थांबत नाही. पाळणाघर तासांवर चालत नाही, जागेवर चालते. दोन खोल्यांत आणि दोन बायकांच्या हाताखाली पाच मुले नीट सांभाळता येतात. सहावे घेतले की कुणाकडे तरी दुर्लक्ष होते. म्हणून पाचवी जागा भरली असताना आलेल्या दोन आयांना काकूंनी ‘आता जागा नाही’ असे सांगून परत पाठवलेले असते. त्यांनी दुसरीकडे सोय केलेली असते. जूनमध्ये शाळा सुरू होताना विचारणा जास्त येते. मध्येच सप्टेंबरात रिकामी झालेली जागा भरायला एखाद-दोन महिने सहज जातात. बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची असते, त्यामुळे तान्ह्या बाळांच्या आया आधीच विचारून जागा धरून ठेवतात. त्यांनाही ‘नाही’ सांगून झालेले असते. महिनाभराची पूर्वसूचना मागायची ती यासाठी. त्या महिन्यात दुसरे मूल शोधता येते. पूर्वसूचनेऐवजी महिन्याची फी मागणे हा दंड नाही, रिकाम्या जागेची ती भरपाई आहे. हे पालकांना एकदा समजावून सांगितले की बहुतेकांना पटते. अडचण अशी की कुणी समजावून सांगतच नाही.

माणसे न सांगता का जातात? ‘लबाड असतात म्हणून’ हे उत्तर सोपे आहे आणि बऱ्याच वेळा चुकीचे. या पट्ट्यात बरीच कुटुंबे भाड्याने राहतात आणि भाडेकरार साधारण अकरा महिन्यांचा असतो. करार संपला, मालकाने भाडे वाढवले, की पुढच्या स्टेशनवर. जाताना कुटुंब कुणाकुणाचा हिशेब चुकता करते हे पाहण्यासारखे आहे. घरमालकाकडे अनामत असते, म्हणून त्याला महिनाभर आधी कळवले जाते. शाळेकडून दाखला घ्यायचा असतो, म्हणून तिथे सांगितले जाते. गॅस एजन्सीत कनेक्शन बदलून घ्यायचे असते. ज्याच्या हातात आपले काहीतरी अडकले आहे त्याला माणूस भेटून जातो. काकूंच्या हातात काहीच अडकलेले नसते.

दुसरे कारण पगार. आईची नोकरी जाते, कंत्राट संपते, आणि मूल घरी ठेवण्याखेरीज इलाज उरत नाही. एका महिन्याची फी थकलेली असते, दुसऱ्याची चढते. रोज सकाळी दारात उभे राहून ‘काकू, पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणणे नको होते. थकलेली रक्कम जितकी वाढत जाते तितके तोंड दाखवणे अवघड होते आणि एक दिवस माणूस तोंडच चुकवतो. म्हणजे थकबाकी साचू देणे ही माणुसकी वाटली तरी ती त्या कुटुंबालाच दूर ढकलते. तिसरे कारण अविश्वास: मुलाच्या अंगावर वळ दिसला, मूल रात्री दचकून उठू लागले, विचारायचे धाडस झाले नाही, म्हणून पाठवणेच बंद केले. याबद्दल पुढे बोलते, कारण त्या पालकांची बाजू वेगळी आहे.

या सगळ्यांच्या मुळाशी फीची वेळ आहे. पगार एक ते सात तारखेदरम्यान होतो, म्हणून ‘महिना भरला की देतो’ ही पद्धत पडली. याचा अर्थ काकूंनी प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला तीस दिवसांची उधारी दिली, तीही बिनव्याजी आणि बिनलेखी. किराणावालासुद्धा अनोळखी माणसाला पहिल्याच महिन्यात इतकी उधारी देत नाही.

उपाय साधे आहेत आणि ते पहिल्या दिवशीच करायचे असतात, कारण त्या दिवशी कुणी कुणावर रागावलेले नसते. फी चालू महिन्याची, आगाऊ, पाच तारखेपर्यंत. पगार सातला होत असेल तर दहा तारखेपर्यंत. तारीख कोणतीही असो, ती ठरलेली असावी. प्रवेशाच्या वेळी एका महिन्याची फी अनामत. मूल सोडण्याआधी महिनाभर सांगितले तर अनामत शेवटच्या महिन्यात वळती करायची, म्हणजे तो महिना पालकांना काही द्यावे लागत नाही. न सांगता गेले तर अनामत राहते. घरमालकाशी होतो तोच हा व्यवहार, फक्त बाळाच्या बाबतीत तो बोलायला जीव होत नाही इतकेच.

हे एका पानावर लिहिलेले असावे. त्याला करारनामा म्हटले की लोक बिचकतात; ‘प्रवेश अर्ज’ म्हणा. पालकांनी स्वतःच्या हाताने भरावा आणि सही करावी. मजकूर असा असू शकतो: ‘आमच्या मुलाला सोमवार ते शनिवार सकाळी ७ ते रात्री ८ सांभाळण्यासाठी आपल्याकडे ठेवत आहोत. महिन्याची फी ४,००० रुपये, त्या त्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ देऊ. एका महिन्याची फी अनामत दिली, पावती मिळाली. मूल आजारी असल्यास किंवा आम्ही गावी गेल्यास फी कमी होणार नाही. मूल पाठवणे बंद करायचे असल्यास एक महिना आधी लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवू. न कळवल्यास अनामत परत मागणार नाही. पाळणाघर आठवड्याहून जास्त बंद राहिल्यास तितक्या दिवसांची फी वजा होईल.’ खाली दोघा पालकांची नावे, आधार कार्डावरचा पत्ता, सध्याचा पत्ता, कामाच्या ठिकाणाचा पत्ता आणि गावाकडच्या एका नातेवाइकाचा फोन. हा नातेवाइकाचा फोन मूल अचानक आजारी पडले तर लागतो, म्हणून कुणी नाही म्हणत नाही. आणि कुटुंब नाहीसे झाले तर पत्ता लागण्याचा तोच एक धागा असतो.

आजारपणाची आणि गावी जाण्याची ओळ मुद्दाम घातली आहे. सर्वात जास्त कुरबुर त्यावरूनच होते. ‘पंधरा दिवस मूल आलंच नाही, मग पूर्ण फी कशाला?’ मे महिन्यात सगळीच मुले गावी जातात आणि सगळेच अर्धी फी देऊ लागले तर मदतनीस बाईला पगार कुठून द्यायचा? जागा त्या मुलासाठी राखलेली असते. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी आधीच दुसरीकडे विचारावे, पण हे आधी सांगायला हवे, मे संपल्यावर नाही.

पाळणाघराची वही हा या धंद्यातला सर्वात दुर्लक्षित कागद आहे. अनेकींकडे ती असते: शंभर पानी, तेलाचे बोट लागलेली, फडताळात औषधांच्या डब्याशेजारी ठेवलेली. मुलाचे नाव, पैसे आल्याची तारीख, एवढेच तिच्यात असते. तिच्यात आणखी दोन रकाने आखा: मूल आल्याची वेळ आणि नेल्याची वेळ. नेणाऱ्याने समोर सही करायची. मूल कुणी नेले हे सुरक्षिततेसाठी हवेच. पण महिन्यात बावीस दिवस मूल इथे होते याचा तो पालकांच्याच हातचा पुरावाही होतो. पैसे यूपीआयने आले तर शेरा म्हणून ‘जुलै फी’ लिहायला सांगा. रोख आले तर पावती-पुस्तकातली पावती द्या. स्टेशनरीच्या दुकानात ते सहज मिळते.

आणखी एक सवय लावून घेता येईल. दुसऱ्या पाळणाघरातून येणाऱ्या मुलाच्या पालकांना आधीच्या ठिकाणची शेवटची पावती मागायची. एका वसाहतीतल्या चार काकूंनी जरी हे ठरवून केले तरी फरक पडेल. नियमित फी देणाऱ्या कुटुंबाला यात काही लपवायचे नसते, उलट त्यांची पत दिसते. आणि काकूंच्या हातात ‘काहीच अडकलेले नसते’ ही जी अडचण वर सांगितली, ती अनामत आणि ही पावती मिळून दूर होते.

तरीही पैसे थकले तर? पाच तारखेला आले नाहीत, दहाला आठवण, आणि त्याच वेळी शांतपणे सांगायचे की पंधरापर्यंत काही ठरले नाही तर सोळापासून मूल घेता येणार नाही. हे कठोर वाटते. पण यात थकबाकी पंधरा दिवसांची राहते आणि ती फेडता येते; तीन महिन्यांची फेडता येत नाही. नोकरी गेली असेल तर हप्ते बांधून द्या, अर्धा दिवस सांभाळायचे ठरवा, अनामतीतला महिना वापरू द्या. पण जे ठरेल ते मेसेजवर लिहून घ्या. सवलत द्यायला हरकत नाही, ती मुदतीसकट द्यावी.

आता कायदा. अनेकींचा समज असतो की लिहून घेतले नव्हते म्हणजे काही करता येत नाही. तसे नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या दृष्टीने तोंडी करारही करारच असतो. फी नेमकी ठरली नव्हती असे कुणी म्हटले तरी त्याच कायद्याच्या कलम ७० मध्ये सोय आहे: एखाद्याने फुकट देण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काम केले आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. लेखी नसल्याने हक्क जात नाही, सिद्ध करणे कठीण होते. तिथे वही, मेसेज, आधीच्या महिन्यांच्या यूपीआयच्या नोंदी कामाला येतात. मोबाइलवरचे मेसेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून ते संवाद पुसू नका आणि फोन बदलताना जपून ठेवा.

मुदत तीन वर्षांची आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा येण्यांसाठी तीन वर्षांत दावा करावा लागतो. ही मुदत संपण्याआधी समोरच्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मोजली जातात. कुटुंब पुण्याला गेले म्हणून पुण्याला जाऊन दावा लावायचा नसतो; काम इथे झाले, पैसे इथे द्यायचे होते, म्हणून इथल्या दिवाणी न्यायालयातही तो करता येतो.

पोलिसांकडे जाऊन मात्र फारसे हाती लागत नाही. फी न देणे ही दिवाणी बाब आहे. फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, लागू व्हायला सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते. आठ महिने नियमित फी देऊन नवव्या महिन्यात गेलेल्या माणसाबद्दल ते दाखवता येत नाही. फीसाठी दिलेला धनादेश वटला नाही, तर गोष्ट वेगळी. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, पैसे भरायला पंधरा दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार, असा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ चा क्रम आहे. ग्राहक आयोगही काकूंसाठी नाही, कारण या व्यवहारात ग्राहक पालक आहेत.

मग वाट कुठली? पहिले पाऊल पत्राचे. फोनवर वादावादी करण्यापेक्षा एक पान लिहा: मूल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होते, फी किती ठरली होती, किती आली, किती बाकी आहे, पंधरा दिवसांत द्यावी. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, आधार कार्डावरच्या पत्त्यावर पाठवा. शिवीगाळ नको, धमकी नको. यात रागापेक्षा तारखा जास्त काम करतात.

त्यानेही झाले नाही तर दुसरे पाऊल फार थोड्यांना माहीत असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. तिचे उत्पन्न किती आहे हे पाहिले जात नाही. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, ठाण्याला जिल्हा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे. तिथे अर्ज दिला की दावा न लावताच प्रकरण लोकअदालतीसमोर ठेवता येते. याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. दुसऱ्या बाजूला नोटीस जाते. कोर्टाच्या शिक्क्याची नोटीस आल्यावर, फोन न उचलणारी माणसे बोलायला येतात. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. पण दुसरी बाजू आलीच नाही किंवा तयार झाली नाही, तर लोकअदालत जबरदस्ती करू शकत नाही. मग नियमित दावाच उरतो. चार हजारांसाठी दावा लावून तारखांना जाणे परवडत नाही, हे खरे आहे. माझ्या मते दोन महिन्यांच्या फीपर्यंतची रक्कम असेल तर पत्र आणि लोकअदालत इथवर जावे आणि पुढचे सोडून द्यावे. त्याहून मोठी रक्कम थकू देणेच चूक आहे.

काही गोष्टी मात्र कधीही करू नयेत. संध्याकाळी ‘फी दिल्याशिवाय नेता येणार नाही’ म्हणून मूल अडवून ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि त्या मुलाच्या मनावर जे होते ते वेगळेच. सोसायटीच्या ग्रुपवर पालकांची नावे आणि मुलाचा फोटो टाकून ‘यांनी पैसे बुडवले’ असे लिहिणे म्हणजे आपली खरी बाजू आपणच कमकुवत करणे. बदनामीची तक्रार उलट येऊ शकते. मुलाची राहिलेली गोधडी, बाटली, खेळणे पिशवीत घालून परत पाठवावे. ते मुलाचे आहे, थकबाकी त्याची नाही.

बाहेर काय करतात? फ्रान्समध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या परवानाधारक बाईला पालक नोकरीवरच ठेवतात. पालक मालक, ती कर्मचारी, लेखी करार सक्तीचा. मूल पाठवणे बंद करायचे तर तीन महिन्यांहून कमी काळ झाला असल्यास आठ दिवस, वर्षाच्या आत पंधरा दिवस आणि वर्ष झाले असल्यास एक महिना आधी सांगावे लागते. ब्रिटनमध्ये चाइल्डमाइंडर म्हणून नोंद असलेल्या बायकांची संघटना त्यांना तयार करारनामे पुरवते, आणि इंग्लंड-वेल्समध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचे वसुलीचे दावे वकिलाशिवाय छोट्या दाव्यांच्या पद्धतीने चालवता येतात. आपल्याकडे घरगुती पाळणाघरांच्या बायकांचा एकत्र असा आवाज नाही. नगरपालिकेच्या महिला व बालकल्याण समितीने एक पानी नमुना अर्ज छापून वाटला तरी अंबरनाथमध्ये मोठे काम होईल. त्याला कायदा करावा लागत नाही.

आता पालकांची बाजू. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचे सीसीटीव्हीत दिसले आणि राज्यभर पालक हादरले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि लोकल तासन्‌तास बंद राहिल्या. त्यानंतर इथल्या कुठल्याही आईने मुलाच्या अंगावरचा ओरखडा पाहून त्याच क्षणी पाठवणे थांबवले, तर तिला दोष देता येणार नाही. मुलाच्या सुरक्षिततेची शंका असेल तर पूर्वसूचनेचा महिना पाळायची गरज नाही. पण गप्प राहू नका. चाइल्डलाइन १०९८ आहे, पोलीस आहेत. तुमचे गप्प राहणे तिथे राहिलेल्या दुसऱ्या मुलांना महागात पडते. असे कारण नसेल तर सांभाळलेल्या दिवसांचे पैसे देणे आहेच.

अटीही दोन्ही बाजूंनी रास्त हव्यात. सहा महिन्यांची अनामत किंवा ‘कुठल्याही कारणाने एक पैसाही परत नाही’ असे लिहून घेतले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अवाजवी अनामत आणि अवाजवी दंड यांना अनुचित करार म्हटलेले आहे, आणि करार कायद्याच्या कलम ७४ खालीही न्यायालय रास्त तेवढीच भरपाई देते. एक महिना टिकतो, कारण जागा भरायला साधारण तेवढा वेळ लागतो हे कुणालाही दाखवता येते. पाळणाघर बंद करायचे असेल तर काकूंनीही पालकांना तोच महिना दिला पाहिजे. उद्यापासून बंद, असे रविवारी रात्री कळलेल्या आईची सोमवारची सकाळ काय असते, हे तिलाच माहीत.

फीमध्ये न मोजलेले बरेच काही या घरांत होत असते. २६ जुलै २००५ सारखा पाऊस झाला, रुळांवर पाणी आले, गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, की संध्याकाळी आठला नेणारी आई मध्यरात्रीही पोहोचत नाही. तेव्हा मूल काकूंच्याच घरी जेवते, त्यांच्याच कुशीत झोपते, आणि त्याचे वेगळे पैसे कुणी मागत नाही. ज्यांचे मूल असे कुणाच्या कुशीत झोपले आहे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे: घर बदलायचे ठरले की ज्या दिवशी घरमालकाला सांगाल, त्याच दिवशी काकूंनाही सांगा. पैसे एकदम जमत नसतील तर तेही सांगा. आणि पाळणाघर चालवणाऱ्या बायकांनी पुढच्या प्रवेशापासून अर्ज, आगाऊ फी आणि अनामत सुरू करावी. वहीत जुनी बाकी असेल तर तिची तारीख आजच पाहून घ्या. तीन वर्षे उलटली नसतील तर पत्र अजून पाठवता येते.